राजाही पापीच

इस्राएलचे वडीलधारे शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागायला आले आहेत. बायबलच्या जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा हा आठवा अध्याय. राजा केवढ्याला पडेल, ते शमुवेल त्यांना मोजून दाखवतो. मुलगे त्याच्या रथांपुढे धावतील, मुली त्याच्या मुदपाकखान्यात राबतील, धान्याचा दहावा हिस्सा त्याच्या अधिकाऱ्यांकडे जाईल आणि शेवटी तुम्हीच त्याचे दास व्हाल. लोक ऐकत नाहीत. त्यांना राजाच हवा.

ख्रिस्ती राज्यविचाराचा पेच इथेच आहे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, पहिल्या अध्यायात माणूस देवाचं प्रतिरूप असतो, तिसऱ्यात हा पहिला माणूस, आदाम, देवाची आज्ञा मोडून पाप करून बसतो. त्याला आवरायला शासन हवं. पण शासन चालवणाराही आदामाचाच वंशज!

४१० साली व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीनं रोम लुटलं. त्यानंतर उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानं लिहिलं, की माणसानं माणसावर हुकूमत गाजवावी हे मूळ निर्मितीत नव्हतंच, ते पापाचं फळ. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसनं यातलं अर्धंच मानलं. गुलामगिरी पापातून आली खरी, पण पाप घडलंच नसतं तरी समाजाला सर्वांचं हित पाहणारा कुणीतरी लागलाच असता.

१६१० मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं पार्लमेंटला सुनावलं, की राजे म्हणजे पृथ्वीवरचे देवाचे प्रतिनिधी. गफलत होते ती इथे. पाप सगळ्यांच्या वाट्याला, राजा तेवढा सुटला! सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन यानं ही पळवाट आधीच बुजवली होती. माणसांत खोट आहे, म्हणून सत्ता अनेकांच्या हाती असलेली बरी. एक जण मर्यादा सोडू लागला, तर बाकीचे त्याला आवरतील.

कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री जॉन विदरस्पून यांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला जेम्स मॅडिसनना, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या एका प्रमुख शिल्पकाराला, शिकवलं. माणसं देवदूत असती तर शासन लागलंच नसतं, हे मॅडिसननी १७८८ मध्ये लिहिलं. सगळं श्रेय कॅल्विनला देणं अति होईल, सत्ताविभाजन मांडणाऱ्या फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूचं ऋणही मोठं आहे. पण अमेरिकेच्या राज्यघटनेत हा अविश्वास कलमाकलमांत दिसतो. राष्ट्राध्यक्षाला विधेयकांवर नकाराधिकार दिला, आणि तो मोडून काढायला दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश मतांची मुभा.

गुलामाच्या मालकाच्या सत्तेला मात्र असा लगाम घातला नाही. मॅडिसन स्वतः मालक होते. प्रतिनिधिगृहात कुठल्या राज्याचे प्रतिनिधी किती, हे लोकसंख्येवरून ठरवताना एक गुलाम तीन-पंचमांश माणूस धरला जाई. गुलामगिरी १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं संपली, मोजणीचा हा नियम १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीनं बदलला.