सेल आणि स्प्रिंगच्या मधे एक स्विच

माझा डिजिटल कॅलिपर, म्हणजे जबड्यात वस्तू धरून तिचं माप स्क्रीनवर दाखवणारं साधन, महिनोन्‌महिने नुसता पडून असायचा आणि हातात घेतला की नेमका सेल संपलेला, बरं ऑफचं बटण मी आठवणीने दाबलेलं असायचं. झालं असं की कमी किमतीच्या बऱ्याच कॅलिपरमधे त्या बटणाने फक्त डिस्प्ले विझतो, जबडा कुठे आहे ते मोजणारं सर्किट आत चालूच राहतं. ते 20 मायक्रोअँपिअर ओढतंय असं धरा, त्यातला एलआर44, म्हणजे बटणासारखा छोटा गोल सेल, साधारण 150 मिलिअँपिअर-अवरचा, म्हणजे 7500 तास, दहा महिन्यांत सेल गेला, एकदाही न वापरता. म्हणून म्हणतो, बाहेरून खरा स्विच लावा.

पण आधी मोजा. सेल आणि तो ज्याला टेकतो त्या पत्र्याच्या किंवा स्प्रिंगच्या मधे कागदाचा तुकडा सरकवा, सर्किट तुटलं, आता मल्टिमीटर करंटवर ठेवून एक प्रोब सेलला आणि एक पत्र्याला, आधी मोठी रेंज मग खाली या. आणि कृपा करून करंटच्या भोकात प्रोब असताना तो सेलच्या दोन टोकांना लावू नका, तो सरळ शॉर्ट आहे, निदान फ्यूज तरी जातोच.

आता गंमत बघा, जिथे कागद घातला तिथेच स्विच बसतो! कागदाच्या जागी पातळ प्लास्टिकची पट्टी घ्या, दोन्ही बाजूंना तांब्याची फॉइल चिकटवा, फॉइल एकमेकींना कुठेही टेकता कामा नयेत, प्रत्येकीला एक बारीक वायर सोल्डर करा आणि त्या दोन वायरी बाहेर स्विचला. मूळ वस्तूत काही कापायचं नाही, नको वाटलं तर पट्टी ओढून काढा. मला ही पद्धत सगळ्यात आवडते.

बटण सेलमधे एक मेख आहे. एलआर44 ची सपाट बाजू प्लस, पण कडेचा पत्राही प्लसच असतो, आणि होल्डर कडेला टेकत असेल तर सपाट बाजूला पट्टी घालून काहीच तुटत नाही. पट्टी मायनसकडे, म्हणजे त्या छोट्या टोपीकडे घाला. डबल-ए सेल सिरीजमधे असतील तर कुठल्याही एका जागी तोडलं की पुरे.

स्विच घेताना त्यावरचं डीसी रेटिंग बघा. एसीत करंट सारखा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत तसं होत नाही, त्यामुळे त्याच स्विचचं डीसी रेटिंग बऱ्याचदा कमी असतं. कॅलिपरला कुठलाही छोटा स्लाइड स्विच चालेल, मोटर असेल तर मात्र सुरू होतानाचा करंट चालू असतानाच्या कितीतरी पट असतो, तिथे मोठा रॉकर घ्या, वायरही जाड. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा, नाहीतर आतलं प्लास्टिक वितळून स्विच अडकतो. वायर बाहेर येते तिथे आतून गाठ मारा, ओढ सोल्डरवर यायला नको.

लिथियम सेलला थेट सोल्डर अजिबात करू नका, आणि स्विच प्रोटेक्शन बोर्डच्या (सेलला जपणाऱ्या छोट्या सर्किटच्या) पुढे, लोडच्या म्हणजे करंट वापरणाऱ्या भागाच्या बाजूला घ्या, म्हणजे स्विच बंद असतानाही चार्जिंग होईल. मेमरी कार्डवर लिहिणारी वस्तू असेल तर आधी नीट शटडाउन, मगच स्विच, मधेच पॉवर गेली तर फाइली खराब होतात. स्मोक अलार्मला किंवा कुठल्याही वैद्यकीय उपकरणाला हे करायचं नाही, कुणीतरी बंद करून विसरलं तर जिवावर बेतेल.

आणि हो, अल्कलाइन सेल स्विच बंद असला तरी गळू शकतो, वर्षभर लागणार नसेल तर सेल काढूनच ठेवा. कॅलिपरला स्विच लावल्यावर एक काम वाढतं, दर वेळी जबडे मिटवून शून्य करून घ्यावं लागतं, पण ते तसंही करायलाच हवं. मी एक पट्टी बनवून आणलीय, पुढे या, कॅलिपरचं झाकण उघडतो, तुम्हीच बसवून बघा.