शंभरातून सात वजा करा

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची झोप. ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे, त्यांना चित्र रंगवून सांगायला नको. रात्री उशिरापर्यंत दाराखालून दिसणारी उजेडाची रेघ. सकाळी तिसऱ्या हाकेला पांघरुणातून आलेलं ‘उठतोय ना’, आणि पुन्हा शांतता. मग आपल्या तोंडून शब्द निघतो, आळशी. हा शब्द आपण मागे घ्यावा, एवढं मागायला मी आज आलो आहे.

वयात येताना शरीरातलं घड्याळच उशिरा चालू लागतं. रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक या वयात उशिरा वाढतं, कधीकधी दोन-दोन तास उशिरा. म्हणून दहाला दिवा मालवला तरी मूल टक्क जागं असतं. ते हट्ट करत नाही, त्याला खरोखरच झोप आलेली नसते. आणि गरज किती? या वयात ८ ते १० तास. पुन्हा सांगतो, ८ ते १० तास. साडेअकराला डोळा लागला आणि सहाला उठवलं, तर हातात पडले साडेसहा. रोज दीड तासाची उधारी, आणि तीही कमीत कमी.

आता माझी आवडती गोष्ट. आधी ऐकली असेल त्यांनीही पुन्हा ऐकावी.

१९६३ सालचा डिसेंबर. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात १७ वर्षांचा रँडी गार्डनर आणि त्याचा मित्र शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प शोधत होते. माणूस झोपेशिवाय किती दिवस राहू शकतो, हे बघायचं ठरलं. जागायचं कुणी? नाणं उडवलं, आणि जागणं रँडीच्या वाट्याला आलं. मित्राने त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि नोंदी करायच्या. आता लक्ष ठेवायचं तर त्यालाही जागणं आलंच! तीन रात्री गेल्या आणि या मित्राला अचानक जाग आली तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता, आणि वहीतल्या नोंदी चक्क भिंतीवर लिहीत होता. मग तिसऱ्या मित्राला मदतीला बोलावलं. (जाता जाता सांगतो, असे प्रकल्प मुलांनी स्वतःच धडपडून करावेत. हल्ली प्रदर्शनात आईबाबांनी कापलेला पुठ्ठा लगेच ओळखू येतो. मुलाचा वाकडातिकडा पुठ्ठा मला कितीतरी मोलाचा वाटतो.)

तर, ही बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून स्टॅनफर्ड विद्यापीठातले निद्रासंशोधक डॉ. विल्यम डेमेंट स्वतः तिथे गेले. दिवस कसाबसा निघायचा, रात्र मात्र खायला उठायची. रँडी म्हणायचा, जरा डोळे मिटतो. हे त्याला उठवून बास्केटबॉल खेळायला न्यायचे. आणि नवल म्हणजे, शेवटच्या रात्री पिनबॉलच्या यंत्रावर रँडीने डेमेंटना हरवलं. दहा दिवसांचं जागरण झालेला मुलगा डॉक्टरांना हरवतो! लोकांना वाटलं, बघा, याला काही झालेलं नाही.

पण अकराव्या दिवशी त्याला सोपी वजाबाकी सांगितली. शंभरातून सात वजा कर, उरतील त्यातून पुन्हा सात, असं करत जा. तो म्हणाला, त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. आणि थांबला. विचारलं, का रे थांबलास? तो म्हणाला, मी काय करत होतो तेच विसरलो.

२६४ तास तो जागा होता. मग साधारण १४ तास सलग झोपला. पुढे गिनेस बुकाने असे विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण ते धोक्याचं आहे. ऐकणाऱ्या मुलांनो, हा प्रयोग कुणीही करायचा नाही.

‘माझी मुलगी रात्री दोनपर्यंत अभ्यास करते’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, की मला ते पासष्ट आठवतं. ती ताठ बसलेली दिसते, पानं उलटताना दिसते. जागरण अंगावर दिसेलच असं नाही, ते वजाबाकीत दिसतं. वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं, आणि तीच झोप आपण अभ्यासासाठी कापतो.

मग करायचं काय? रात्रीची ओरड सोडा, सकाळचं टोक धरा. पुन्हा सांगतो, सकाळचं टोक धरा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा आणि उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरच्या उजेडात जाऊ द्या. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ हळूहळू अलीकडे येतं, आणि रात्रीची झोपही. सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपू द्या, दुपारपर्यंत मात्र नको, नाहीतर आठवडाभर जमवलेलं घड्याळ पुन्हा लांबतं. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळनंतर ते नको. आणि मोबाइल रात्री खोलीबाहेर, आईबाबांचाही. उठायला गजराचं साधं घड्याळ आणा. घराघरांतून घड्याळं गेली याचं मला फार वाईट वाटतं. वेळ बघायला मोबाइल उचलला की तो सहसा तासाभराने खाली ठेवला जातो.

शाळेच्या वेळेचंही बोललं पाहिजे. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात २०१६ साली माध्यमिक शाळा जवळजवळ तासभर उशिरा भरवायला सुरुवात केली. मुलं त्या तासात आणखी जागत बसतील अशी भीती होती. प्रत्यक्षात त्यांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. पालकसभेत गुणांवर जेवढं बोलतो, तेवढंच शाळेच्या वेळेवरही बोलू या.

आणि हे सगळं करूनही काही आठवडे झोप लागत नसेल, मूल मोठ्याने घोरत असेल किंवा दिवसभर उदास दिसत असेल, तर त्याला रागावू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि कधी झोपलं, कधी उठलं याची दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या. ती त्यांना फार उपयोगी पडते. नमस्कार.