शीनच्या घरातले पंधरा दिवस

[दृश्य: सकाळचं धुकं. वाळूचा खड्डा. कुत्री फिरवायला आलेली माणसं.]

लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंग गाव. गावाबाहेर हॉर्सेल कॉमनचं हे माळरान. एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळावरून आलेलं पहिलं नळकांडं इथेच आदळतं.

वेल्स १८९५ मध्ये वोकिंगला राहायला आले. सायकल नुकतीच शिकलेले. तिच्यावरून हिंडायचं आणि कुठली जागा मंगळवासीयांच्या तावडीत द्यायची ते हेरून ठेवायचं, हा त्यांचा उद्योग. कादंबरीत शेजाऱ्यांना कसकसं मारतोय, हे त्यांनी एका पत्रात मोठ्या खुशीत कळवलंय! कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली, १८९८ मध्ये पुस्तक झाली.

[दृश्य: अंधारी खोली. भिंतीच्या फटीतून हिरवट उजेड.]

मंगळवासीयांची तीन पायांची यंत्रं, उष्णताकिरण, काळा धूर हे सगळ्यांना ठाऊक असतं. कादंबरीचा जीव मात्र लंडनजवळच्या शीनमधल्या एका पडक्या घरात आहे.

निवेदक आणि एक पाद्री खायला शोधत त्या घरात शिरतात. शेजारीच पाचवं नळकांडं कोसळतं आणि दोघं ढिगाऱ्यात अडकतात. फटीतून दिसतं, मंगळवासी माणसांचं रक्त काढून स्वतःच्या अंगात भरून घेतायत. इकडे आत भांडण चालू आहे ते उरलेल्या अन्नावरून. पाद्र्याला खाण्यावर ताबा नाही, जिभेवर तर नाहीच. नवव्या दिवशी तो मोठमोठ्याने पापाचा पाढा वाचू लागतो. निवेदक भिंतीवरचा मांस तोडायचा सुरा उचलतो, पातं उलटं फिरवतो आणि बोथट बाजूने त्याला हाणतो. यंत्राची सोंड आत येते, पाद्र्याला ओढून नेते. कोळशाच्या कोठीत लपलेल्या निवेदकाच्या बुटाला तिचा नुसता स्पर्श होतो.

बघणारं कुणी नव्हतं. झाकता आलं असतं. तो मात्र सगळं लिहून ठेवतो आणि निवाडा वाचकावर सोडतो.

[दृश्य: पटनी हिल. संध्याकाळ.]

पंधराव्या दिवशी तो बाहेर पडतो. पटनी हिलवर तोफखान्यातला एक सैनिक भेटतो. लंडनच्या गटारांत नवी मानवजात वसवायची, असे त्याचे बेत. आठवडाभर खणून भुयार किती, तर जेमतेम दहा यार्ड! मग शॅम्पेन, सिगार आणि पत्त्यांचा डाव. वेल्सना अशी माणसं चांगली ओळखू येत असावीत.

मंगळवासी मरतात ते जंतूंनी. टी. एच. हक्सलींच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेल्या लेखकाला हे सुचणं साहजिकच.

[दृश्य: वोकिंग. खिडकीतला दिवा.]

निवेदक घरी परततो. बायको जिवंत असते. तिचा हात हातात घेऊन तो बसतो, आणि त्याला आठवतं, मी हिला मेलेल्यांत धरलं होतं. हिनेही मला.