सागाला आधी दाटी हवी, मग मोकळीक

हा सागाचा ओंडका जरा जवळून बघा. मधली वर्तुळं कशी मस्त रुंद आहेत, आणि मग बाहेर एकदम इतकी बारीक की नखाने मोजायला गेलात तर हमखास चुकाल. म्हणजे त्या वर्षांत शेजारच्या झाडांनी ह्याला पार गुदमरवलं होतं.

चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नावाजलेला, २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारशाहून गेला तोच. पण तसं लाकूड मिळायचं तर सुरुवात सागजडी, म्हणजे सागाच्या रोपाचा मुळासकट छाटलेला बुंधा, लावतानाच होते. सर्रास २ मीटर बाय २ मीटरवर लावतात, हेक्टरी २५०० झाडं. एवढी गर्दी कशाला? तर साग हा उन्हाचा भुकेला, शेजारी खेटून उभे असले की उजेडासाठी सरळ वर धावतो आणि सावलीत सापडलेल्या खालच्या फांद्या बारीक असतानाच वाळून गळतात. बांधावरचा एकटा साग बघा, अंगाने जाड होतो पण कमरेपासून फांद्या, आणि जितकी जाड फांदी तितकी लाकडात मोठी गाठ.

मग दाटच राहू द्यायचं का? नाही ना, इथेच लोक फसतात. जमीन चांगली असेल तर पाच-सहा वर्षांतच शेंडे एकमेकांत घुसतात, तेव्हा विरळणी करावीच लागते, आधी एक आड एक झाड काढतात, पुढच्या खेपांना वाकडी, दुभंगलेली, दबलेली झाडं जातात, आणि शेवटी हेक्टरी शे-दोनशेच उरतात. शेतकऱ्याला हे सांगून बघा! स्वतः पाणी घालून वाढवलेलं झाड तोडायचं म्हणजे जिवावर येतं, मीही घरच्या सागावर दोन वर्षं कुऱ्हाड चालवली नाही, आणि झाडं काठीसारखी उंच नि बारीकच राहिली. उशिरा जाग येऊन एकदम मोकळं केलं तर आणखी वेगळा घोळ, खोडावर अचानक ऊन पडतं आणि जागोजागी नवे धुमारे फुटतात, म्हणजे परत गाठीच.

आणि हळू वाढलेला साग तेवढा मजबूत, असं जे म्हणतात ना, ते सरसकट खरं नाही. बारीक खोडात पक्का तपकिरी गाभा कमी आणि बाहेरचा पांढरा भाग जास्त, त्यालाच आधी कीड लागते.

आता ही फळी बघा, रंधा मारता मारता सुतार मध्येच थांबलाय. वाळलेल्या फांदीभोवती लाकूड वाढत गेलं, पण ते तिला चिकटलंच नाही, त्याने अंगठ्याने दाबलं आणि काळी गाठ टपकन खाली पडली.