प्रति, माननीय खासदार

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवतीची सकाळची वर्दळ आपण पडद्यावर पाहत आहात. याच संस्थानात 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला आणि पुढे आंतरजातीय विवाहालाही कायद्याचा आधार मिळाला. कोणी कोणाशी लग्न करावे हा प्रश्न उंबऱ्याच्या आत मिटत नाही, तो सरकारी दप्तरापर्यंत जातो, हे कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. त्या वेळी कायदा करणारे छत्रपती गावातच होते. आज कायदा करणाऱ्यांचा पत्ता पाकिटावर लिहावा लागतो.

राजारामपुरीतील एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर, समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या पत्रांच्या पाकिटांवर ते पत्ते लिहिले जात आहेत. चेहरे न दाखवण्याची अट आम्ही मान्य केली असल्यामुळे आपल्याला केवळ हात दिसतील. काचेच्या बांगड्या घातलेला हात आणि मनगटावर जुने घड्याळ असलेला हात या घरात एकत्र राहणाऱ्या दोघींचे आहेत, तर लाल शाईचे पेन धरलेला सुरकुतलेला हात एका निवृत्त मराठी शिक्षकांचा आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले पत्र सर टपालात पडू देत नाहीत.

पत्रेच का, याचे कारण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि असा बदल करणे हे कायदेमंडळाचे काम असल्याचे सांगितले. 9 जानेवारी 2025 रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. न्यायालयाने ज्यांच्याकडे बोट दाखवले, त्यांना मते आपणच देतो, एवढा साधा हिशेब या टेबलाभोवती मांडला गेला.

पहिला मसुदा चार पानांचा होता आणि त्याची सुरुवात प्राचीन शिल्पांपासून झाली होती. सरांनी तो बाजूला ठेवला. आता पत्र एका पानाचे असते आणि पहिल्याच ओळीत लिहिणाऱ्याचे नाव, पेठ किंवा गाव व मतदारसंघ येतो, कारण आपला मतदार लिहितो आहे हे वाचणाऱ्याला आधी कळले पाहिजे, असा सरांचा आग्रह आहे. दुसऱ्या परिच्छेदात 1954 च्या विशेष विवाह कायद्यातील कलम 4 येते. पुरुषाचे वय 21 आणि स्त्रीचे 18 पूर्ण असावे, असे हे कलम म्हणते, म्हणजे वयाची अट घालतानाच त्याने एक पुरुष आणि एक स्त्री गृहीत धरलेली असते. हा शब्दप्रयोग बदलावा, एवढीच नेमकी मागणी पत्रात आहे. ती नवीन नाही. 1 एप्रिल 2022 रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी या कायद्याच्या दुरुस्तीचे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचे विधेयक, लोकसभेत मांडले होते. ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही संपुष्टात आले. 1952 पासून केवळ 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतील शेवटचा 1970 सालचा, हे या दोघींना पाठ आहे. तरीही विषय सभागृहाच्या पटलावर राहिला पाहिजे, असे त्यांना वाटते, आणि ते चूक आहे असे म्हणणे आम्हाला कठीण वाटते.

तिसरा परिच्छेद प्रत्येकाचा स्वतःचा असतो. पडद्यावरचा हा कागद एका रुग्णालयातील अर्जाची झेरॉक्स प्रत आहे. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात आधी ‘मैत्रीण’ लिहिले आहे, ते खोडून ‘बहीण’ केले आहे. हा कागद आम्ही काही क्षण तसाच दाखवत आहोत.

विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर असल्यामुळे राज्य विधिमंडळालाही त्यावर कायदा करता येतो. म्हणून दोन खासदारांच्या पाकिटांशेजारी जिल्ह्यातील दहा आमदारांची पाकिटे रचलेली दिसतात. पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळते, पण उघड्या कार्डावर सही करायला अनेकजण धजावत नाहीत. त्यांच्यासाठी पाकिटे चिकटवली जातात. संसद भवन, नवी दिल्ली 110001 हा पत्ता घड्याळ घातलेला हात आता न पाहता लिहितो. टपाल कार्यालयाच्या खिडकीशी पाकिटांवर पडणारे शिक्के मोजत दोघी उभ्या आहेत.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास कोणताही अडसर नसल्याचे स्पष्ट केले. या पत्रांच्या मात्र आतापर्यंत केवळ पोच आल्या आहेत.

टेबलावर नवा ताव पसरला आहे. ‘कृपा करून’ या शब्दांवर लाल रेघ ओढली गेली असून त्यांच्या जागी ‘आपली मतदार या नात्याने’ असे लिहिले जात आहे. हे पत्र करवीरच्या आमदारांसाठी आहे.