इंग्रजी समजतं, पण बोलताना गाडी अडते कुठे?

नमस्कार. आज एका प्रसंगापासून सुरुवात करते, कारण या विषयाकडे मी वळले ती त्याच्यामुळे.

ऐरोलीतल्या एका कंपनीत मला जेमतेम 3 महिने झाले होते. सकाळचा कॉल, पलीकडे परदेशातला क्लायंट. त्याने विचारलं, "यू हॅव्हन्ट सेंट द रिपोर्ट?" मी रिपोर्ट पाठवला नव्हता. मी म्हणाले, "येस, सर." तो म्हणाला, "ग्रेट, थँक्यू," आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. संध्याकाळी मेल आला, रिपोर्ट कुठे आहे? माझ्या साहेबांना वाटलं, मी सरळ खोटं बोलले. मला रडू आलं, पण नेमकं काय चुकलं तेच कळत नव्हतं.

आता बघा. घरी आई विचारते, "जेवली नाहीस का अजून?" आपण म्हणतो, "हो, नाही जेवले." आपला 'हो' आईच्या बोलण्याला असतो. म्हणजे, तू म्हणतेस ते बरोबर आहे. इंग्रजीतला येस-नो समोरच्याच्या बोलण्याला नसतो, घडलेल्या गोष्टीला असतो. काम झालं असेल तर येस, नसेल तर नो, प्रश्न कसाही फिरवून विचारलेला असो. मी त्या दिवशी इंग्रजी शब्दात मराठी उत्तर दिलं होतं.

म्हणून नुसतं येस किंवा नो म्हणून थांबायचं नाही. पुढे छोटं शेपूट जोडायचं. "नो, आय हॅव्हन्ट." "येस, आय हॅव." घाईत पहिला शब्द चुकलाच, तरी शेपटामुळे समोरच्याला खरं काय ते कळतं.

हा प्रसंग इतका लांबवला, कारण आपल्या बहुतेक चुका अशाच असतात. त्या अडाणीपणाच्या नसतात. मराठीचा नियम आपण इमानदारीने पाळतो, फक्त चुकीच्या ठिकाणी.

(पाटीवर लिहून) हे वाक्य वाचा. "आय डिड नॉट वेंट." यावर लोक हसतात. पण मराठीत काय म्हणतो? "मी गेलो." "मी गेलो नाही." नकार आला तरी 'गेलो' जागचा हलत नाही. मग 'वेंट' तरी का हलेल? इंग्रजीत मात्र भूतकाळ एका वाक्यात एकदाच बसतो. तो 'डिड'ने उचलला की क्रियापद मोकळं होतं आणि मूळ रूपावर येतं. "आय डिड नॉट गो." प्रश्नातही तेच, "डिड यू गो?" हे एकदा कारणासकट कळलं की पाठ करावं लागत नाही.

आता सगळ्यात मोठी अडचण. माझ्याकडे येणारी मुलं म्हणतात, मॅडम, शब्द माहीत असतात, पण "आय... आय..." करून थांबायला होतं. असं का होतं?

मराठीत क्रियापद शेवटी येतं. "मी उद्या सकाळी ठाण्याहून साडेआठच्या गाडीने" एवढं बोलून होईपर्यंत शेवटी 'येईन' म्हणायचं की 'निघेन' म्हणायचं, हे ठरवायला आपल्याला वेळ मिळतो. इंग्रजी हा वेळ देत नाही. 'आय' म्हटलं की लगेच पुढचा शब्द क्रियापदाचा लागतो. आपल्या डोक्यात तोवर 'उद्या सकाळी' तयार असतं, क्रियापद अजून मागच्या डब्यात असतं. तिथे तोंड अडतं. शब्द कमी पडत नाहीत, त्यांचा क्रम उलटा आलेला असतो.

याचा सराव मी असा करून घेते. आधी फक्त कोण आणि काय करणार, इतकंच मोठ्याने बोलायचं. "आय विल लीव्ह." इथे श्वास घ्या. वाक्य पूर्ण झालंय, कोणी तुम्हाला पकडू शकत नाही. मग एकेक डबा जोडा. "आय विल लीव्ह ठाणे." "आय विल लीव्ह ठाणे ॲट एट-थर्टी." "आय विल लीव्ह ठाणे ॲट एट-थर्टी टुमॉरो." इंजिन पुढे, डबे मागे. 2 आठवडे रोज 10 मिनिटं करा. 'आय'नंतरची ती जीवघेणी शांतता कमी होत जाते, हे मी स्वतः अनुभवलंय.

उच्चारांचं थोडक्यात सांगते. 'थँक्यू'मधला 'थ' आपण मराठी पद्धतीने म्हणतो, म्हणू द्या, समजण्यात काही अडत नाही. मराठी वळणाची लाजही बाळगू नका. काळजी घ्यायची ती जोराची. 'फिफ्टी'मध्ये जोर पहिल्या भागावर, 'फिफ्टीन'मध्ये 'टीन'वर, आणि तो 'टीन' लांबवायचा. तुर्भ्याच्या मार्केटमधून माल पाठवणाऱ्या माणसाला 15 खोके आणि 50 खोके यातला फरक चांगला माहीत असतो. फोनवर शंका आली तर आकडे सुटे सांगा, "वन-फाइव्ह" किंवा "फाइव्ह-झीरो".

आणि भीती. त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. त्याआधीचे आम्ही पाचवीला एबीसीडी गिरवणारे. आमच्या वर्गात 60 मुलं, तास 35 मिनिटांचा. बाई पूर्ण तास गप्प बसल्या असत्या, तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम 35 सेकंद आले असते. जे तोंडाला कधी करायलाच मिळालं नाही, ते येत नाही म्हणून स्वतःला कमी कशाला समजायचं? पोहणं कुणी वहीत लिहून शिकलंय का?

म्हणून बोलायची जागा शोधा. मी माझी शोधली ती ठाण्याच्या 9-10 नंबर फलाटावर, वाशी-पनवेलच्या गाड्या सुटतात तिथे. फोन कानाला लावायचा, कुणाला कॉल न करता, आणि आज ऑफिसात लागणारी 5 वाक्यं हळू आवाजात बोलायची. सगळेच फोनवर असतात, कोणी बघत नाही. मध्ये दिघा गाव गेलं की ऐरोली, तेवढ्यात प्रत्येक वाक्य चारदा बोलून होतं. पण वाक्यं तुमच्याच कामातली हवीत. तुम्ही नर्स असाल तर पेशंटला विचारायची, बँकेत असाल तर काउंटरवरची. पुस्तकातल्या परदेशी हॉटेलातल्या गप्पा तुमच्या काय कामाच्या?

दोन वाक्यं मात्र सगळ्यांनी तोंडात बसवा. ऐकू आलं नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" आणि उत्तर माहीत नसेल तर "लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू." ही हाताशी असली की पुढची भीती निम्मी होते, कारण अडलं तर काय करायचं ते तुम्हाला माहीत असतं.

चला, आता व्हिडिओ बंद न करता मोठ्याने उत्तरं द्या. शेपटासकट. घरात कोणी असलं तरी चालेल.

"यू डोन्ट लिव्ह इन पुणे?"

(3 सेकंद थांबून) ठाण्यात राहता ना? मग, "नो, आय डोन्ट."

"यू डिडन्ट गो टू वर्क टुडे?"

(थांबून) गेला असाल तर "येस, आय डिड." सुट्टी असेल तर "नो, आय डिडन्ट."

आणि शेवटचा. "यू हॅव्हन्ट स्पोकन एनी इंग्लिश टुडे?"

(थांबून, हसत) "येस, आय हॅव." आत्ताच बोललात.