गवताआधी माती बोलते

मंडळी, कुरण चांगलं की वाईट हे आपण गवत बघून ठरवतो. पाऊस बरा झाला, माळ हिरवा दिसला की सगळं ठीक आहे असं धरून चालतो. पण गवत उशिरा बोलतं. त्याच्या कितीतरी आधी माती बिघडलेली असते, आणि ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, लास क्रूसेसजवळ, होर्नाडा नावाचं संशोधन-कुरण आहे, १९१२ सालापासूनचं. तिथे पूर्वी ब्लॅक ग्रामा गवताचे मोठे पट्टे होते. बेसुमार चराई आणि दुष्काळ एकत्र आले, गवत गेलं आणि मेस्किटची झुडपं पसरली, आपल्या वेड्या बाभळीच्या गोतातली. आता झुडपांच्या बुंध्याशी वाळूचे ढीग आणि मधली जमीन उघडी. एकदा इतकं झालं की परतणं महाकठीण. म्हणून खूण आधी पटायला हवी. मृदाशास्त्रज्ञ जेफ्री हेरिक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली, मातीचा तुकडा पाण्यात किती टिकतो हे माळावरच तपासायचा एक साधा संच मांडला.

कप्प्यांची एक पेटी आणि १८ लहान चाळण्या, जाळी १.५ मिलिमीटरची. जमिनीच्या अगदी वरच्या थरातून ६ ते ८ मिलिमीटरचा तुकडा हलक्या हाताने सुटा करायचा. उचलतानाच भुगा झाला तर तिथेच १ लिहायचा. नाहीतर तो चाळणीत ठेवून डिस्टिल्ड पाण्यात सोडायचा आणि नजर हलवायची नाही. कडा आधी ढासळतात, बुडबुडे येतात. ५ सेकंदांत निम्मा तुकडा गेला तर १, ३० सेकंदांत गेला तर २, ५ मिनिटांत गेला तर ३. तेवढं होऊनही तग धरला, तर चाळणी सावकाश पाच वेळा वर काढून पुन्हा बुडवायची आणि किती उरलं ते बघून आकडा द्यायचा. तीन चतुर्थांशाहून जास्त उरलं तर ६, सर्वांत वरचा दर्जा.

माती कोरडीच हवी, यात तडजोड नाही. कोरड्या तुकड्यात पाणी घुसतं, आतली हवा कोंडते आणि तुकडा आतून फोडते. त्या दाबाला पुरून उरतात ते बुरशीचे धागे, मुळांचा चिकट स्राव, कुजलेला पालापाचोळा. वाळवंटात तर सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांची काळसर साय मातीला बांधून ठेवते, आणि गुरांच्या खुरांखाली नेमकी तीच मोडते. मग पावसाच्या थेंबाने कण सुटतात, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो. पाणी मुरायचं सोडून वाहून जातं, आणि पडलेलं बी रुजत नाही.

प्रत्येक तुकडा गवताखालचा की उघड्यावरचा, हे लिहून ठेवाच. नुसत्या सरासरीत खरी गोष्ट दडते. गवताखाली ५ कायम आहे, पण दोन ठोंबांमधल्या जागेचा आकडा ४ वरून २ वर आला, तर ते कुरण घसरायला लागलं आहे, वरून कितीही हिरवं दिसो. तिथली चराई त्याच हंगामात आवरायला हवी.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चुनखडीने घट्ट झालेली माती जिवंतपणा नसतानाही मोठा आकडा देऊ शकते. म्हणून मुरमाड माळाची तुलना तशाच मुरमाड माळाशी करा, काळ्या रानाशी नको.